डच शब्द नेमका कुठे तुटतो? प्रत्यय, सिलॅबल आणि भाडेवाढीचं पत्र

आधीच सांगतो, आजच्या भागात स्पेलिंग भरपूर आहेत. बसमध्ये कानात इअरफोन घालून ऐकत असाल तर एखादं वाक्य दहा सेकंद मागे नेऊन परत ऐकावं लागेल. वाचत असाल तर तुमचं काम सोपं आहे. स्पेलिंगची अक्षरं मी आपल्या नेहमीच्या इंग्रजी नावांनीच बोलतोय, ए, बी, सी, डी. आणि डच उच्चार देवनागरीत जितके बसतात तितके बसवलेत.

आता फोन आडवा धरा. स्क्रीन फिरली? याला आपण काय म्हणतो, लँडस्केप मोड. हा ‘लँडस्केप’ इंग्रजीत डचमधून आला, साधारण चारशे वर्षांपूर्वी, डच चित्रकारांच्या निसर्गचित्रांबरोबर. मूळ शब्द ‘लंटस्खप’. त्यात ‘लंट’ म्हणजे जमीन आणि ‘स्खप’ हा प्रत्यय. हाच प्रत्यय ‘फ्रीन्टस्खप’ म्हणजे मैत्री या शब्दात आहे, आणि इंग्रजीतल्या फ्रेंडशिपमधला ‘शिप’ हा त्याचाच भाऊबंद.

अजून एक. कुठलीही वेबसाइट उघडली की ती आधी विचारते, कुकीज चालतील का? ‘कुकी’सुद्धा डच. ‘कूक’ म्हणजे केक, त्याला लहानपणा दाखवणारा ‘ये’ हा प्रत्यय लागला की ‘कूक्ये’, छोटा केक, म्हणजे बिस्किट. म्हणजे डचचे दोन प्रत्यय तुम्ही रोज बोटाने दाबताय. तिसरा आणि चौथा आज शिकू.

हा विषय का घेतला ते सांगतो. मी पुण्यात बसून गेली चार वर्षं एका डच क्लायंटसाठी मोबाइलच्या स्क्रीन बनवतोय आणि त्यातून भाषेची गोडी लागली, बी-वन पातळीपर्यंत पोचलोय. माझा कॉलेजचा मित्र डेल्फ्टला एमएस करायला गेला. एक दिवस त्याने घरमालकाच्या पत्राचा फोटो पाठवला. भाषांतराच्या अ‍ॅपने पत्राचा बराचसा भाग नीट दिला होता, पण मधेच एक वाक्य गचकलं होतं. कारण साधं होतं. मुख्य शब्द ओळीच्या शेवटी तुटला होता. एका ओळीत ‘ह्यूरफर’ आणि छोटी रेघ, पुढच्या ओळीत ‘होखिंग’. अ‍ॅपने दोन्ही तुकडे सुटे शब्द म्हणून वाचले. आणि ‘होखिंग’ असा सुटा शब्द डचमध्ये नाहीच.

‘ह्यूर’ म्हणजे भाडं, हे त्याला माहीत होतं. प्रश्न एवढाच होता की भाड्याचं काय झालं? ‘ह्यूरफरहोखिंग’ म्हणजे भाडेवाढ. ‘ह्यूरफरलाखिंग’ म्हणजे भाडेकपात. दोन्हींत शेवटचे तुकडे सारखेच दिसतात. महिन्याच्या खर्चाचा हिशेब युरोमध्ये करणाऱ्या पोराला हा फरक शब्द बघून कळायला हवा, आणि तो कळतो. फक्त शब्द कुठे कापायचा ते माहीत पाहिजे.

गंमत अशी की डच शब्द दोन पद्धतींनी कापता येतो. एक काप अर्थाचा: मूळ शब्द एकीकडे, प्रत्यय दुसरीकडे. दुसरा काप तोंडाचा: एका दमात किती बोललं, म्हणजे सिलॅबल. डचमध्ये सिलॅबलला ‘लेटरख्रेप’ म्हणतात, आणि ‘ख्रेप’ म्हणजे पकड, मूठ. अक्षरांची एक मूठ. मला हा शब्द फार आवडतो. तर हे दोन काप पुष्कळदा एकाच जागी येत नाहीत. आणि डच स्पेलिंग बऱ्याच वेळा तोंडाच्या कापाचं ऐकतं. त्यामुळे मूळ शब्द तिथेच असतो, पण वेष बदलून.

आधी सिलॅबलचा मुख्य नियम. दोन स्वरांच्या मध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या मुठीत जातं. दोन असतील तर एक इकडे, एक तिकडे. तीन-चार असतील तर थोडं वेगळं, पण आज त्याची गरज नाही.

आता यातून स्पेलिंग कसं ठरतं बघा. डचमध्ये ‘मान’ म्हणजे चंद्र आणि ‘मन’ म्हणजे पुरुष. होय, आपल्या कानाला दोन्ही घरचेच वाटतात. चंद्राचं स्पेलिंग एम-ए-ए-एन, दोन ए, कारण स्वर दीर्घ. पुरुषाचं एम-ए-एन, एक ए, स्वर ऱ्हस्व. इथवर सोपं आहे. आता अनेकवचन करा. प्रत्यय लागतो ई-एन, उच्चार ‘अन’, आणि बोलताना पुष्कळ लोक शेवटचा न गिळतात.

अनेक चंद्र: ‘मानन’. टाळ्या वाजवून म्हणा, मा, नन. ‘न’ पुढे सरकला, पहिली मूठ स्वरावर संपली, म्हणजे उघडी राहिली. उघड्या मुठीतला एकटा स्वर डचमध्ये दीर्घच वाचायचा असतो. मग दोन ए लिहायची गरजच काय? एक उडतो. स्पेलिंग होतं एम-ए-एन-ई-एन.

अनेक पुरुष: ‘मनन’. इथे ए ऱ्हस्व ठेवायचाय. पण एकच एन ठेवला तर तो पुढे पळेल, मूठ उघडी पडेल आणि पुरुषांचे चंद्र होतील. म्हणून एन दोनदा लिहायचा. एक इकडची मूठ बंद करायला, एक तिकडची सुरू करायला. एम-ए-एन, एन-ई-एन.

म्हणजे एका शब्दात स्वर कमी झाला, दुसऱ्यात व्यंजन वाढलं, आणि दोन्हींचं कारण एकच. ‘बोम’ म्हणजे झाड आणि ‘बॉम’ म्हणजे बॉम्ब, त्यांचंही तसंच. झाडं लिहिताना एक ओ उडतो, बॉम्ब लिहिताना एक एम वाढतो. पुस्तकात याला दोन स्वतंत्र नियम करून शिकवतात आणि मुलं पाठ करतात. माझ्या मते एकच नियम आहे, मूठ उघडी की बंद.

आपल्याला हे अनोळखी वाटू नये. शाळेत शुद्धलेखनात काय होतं? ‘फूल’ दीर्घ, ‘फुलाला’ ऱ्हस्व. ‘गरीब’ पण ‘गरिबाला’. ‘वकील’ पण ‘वकिलाला’. प्रत्यय लागला, ल पुढच्या अक्षराकडे गेला, मागचा स्वर आखडला. फरक एवढाच की मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचा नियम आपण इ-उ पुरता पाळतो आणि ‘काम’चं ‘कामाला’ होताना आ तसाच राहतो. डचमध्ये आवाज अजिबात आखडत नाही, फक्त कागदावरचं एक अक्षर कमी होतं. ज्यांना शुद्धलेखनाचा हा नियम शाळेत छळत होता त्यांनी डच पोरांकडे बघून समाधान मानावं.

आता प्रत्ययांकडे. नामं बनवणारे प्रत्यय डचमध्ये ढीगभर आहेत, पण ऐकणाऱ्याच्या कामाचा प्रश्न एकच: प्रत्यय स्वराने सुरू होतो की व्यंजनाने?

स्वराने सुरू होणारा प्रत्यय चोर असतो. तो मूळ शब्दाचं शेवटचं व्यंजन आपल्या मुठीत ओढतो. व्यंजनाने सुरू होणारा सभ्य असतो, मूळ शब्दाला हात लावत नाही.

चोरांमधला सगळ्यात मोठा ‘इंग’, स्पेलिंग आय-एन-जी. इंग्रजीतल्या आयएनजीसारखा तो चालू क्रिया दाखवत नाही. तो क्रियापदाचं नाम करतो. भाड्याच्या पत्राकडे परत या. ‘फरहोखिंग’चे सिलॅबल पाडा: फर, हो, खिंग. मधली मूठ ‘हो’ उघडी आहे, तिच्यात एकच ओ लिहिलाय, म्हणजे स्वर दीर्घ, म्हणजे मुळात दोन ओ असणार. चोरलेलं जी परत आणा. एच-ओ-ओ-जी, ‘होख’, अर्थ उंच. इंग्रजीतल्या ‘हाय’चं भावंड. उंच करणं म्हणजे वाढ. तसंच ‘फरलाखिंग’: फर, ला, खिंग. एक ए, उघडी मूठ, दोन करा, जी परत आणा: एल-ए-ए-जी, ‘लाख’, अर्थ खालचा. इंग्रजीतल्या ‘लो’चं भावंड. खाली आणणं म्हणजे कपात.

माझ्या मित्राला मी हेच फोनवर सांगितलं. त्याची वाढच होती, हे वेगळं सांगायला नको.

मग त्याने आधीची पत्रं काढली आणि आम्ही एकेक शब्द सोलत बसलो. सरकारी आणि घरमालकी डच म्हणजे ‘इंग’चं शेत आहे. ‘बेटालिंग’: बे, टा, लिंग. ए दोन करा, ‘बेटाल’, पैसे देणं, म्हणजे पेमेंट. ‘वोनिंग’: वो, निंग. ‘वोन’, राहणं, म्हणजे राहतं घर. ‘ऑपझेखिंग’मध्ये जी दोनदा आहे, म्हणजे मूठ बंद ठेवायला वाढवलेला, एक काढून टाका: ‘झेख’, सांगणं. ‘ऑपझेखिंग’ म्हणजे करार संपवत असल्याचं कळवणं, नोटीस. हा शब्द पत्रात दिसला तर बाकीचं पत्र त्याच दिवशी वाचा. ‘फरलेंगिंग’मध्ये ‘लंग’ म्हणजे लांब दडलाय, मुदतवाढ. एक नोटीस आणि एक मुदतवाढ, शेपूट दोन्हीकडे तेच.

आणि ‘आनमानिंग’. आन, मा, निंग. ए दोन केला की हातात येतो एम-ए-ए-एन. चंद्र? नाही. ‘मानन’ या क्रियापदाचा अर्थ तगादा लावणं. थकलेल्या पैशांच्या तगाद्याचं पत्र. स्पेलिंग चंद्राच्या अनेकवचनासारखंच, उच्चार तोच, नशीब वेगळं.

सोलताना एका जागी जपा. ‘फरझेकरिंग’ म्हणजे विमा. सिलॅबल पाडले तर फर, झे, क, रिंग. शेवटी ‘रिंग’ ऐकू येते, पण अंगठीचा इथे काही संबंध नाही. आर हा चोरलेला आहे. मूळ शब्द ‘झेकर’, म्हणजे खात्रीचा. ‘क’मधला ई हा निघता निघता बोलला जाणारा, जोर नसलेला ई, आपल्या अ सारखा. तो दोन करायचा नाही. आधीच्या ‘बेटालिंग’मध्येही सुरुवातीचा बे असाच सैल. म्हणजे दुप्पट करण्याचा नियम जोर असलेल्या स्वरालाच.

‘बेलस्टिंग’ म्हणजे कर. तोंडाचा काप: बे, लस, टिंग. अर्थाचा काप: बे, लस्ट, इंग. ‘लस्ट’ म्हणजे ओझं. कराला ओझं म्हणणारी भाषा प्रामाणिक आहे असं माझं वैयक्तिक मत, पण इथे बघायचं ते असं की त्या ओझ्याच्या शेवटच्या अक्षरावरून रेघ गेलीय, म्हणून ते पटकन दिसत नाही.

सभ्य प्रत्ययांत पहिला ‘हेइट’, स्पेलिंग एच-ई-आय-डी. विशेषणाचं नाम करतो. आपला ‘पणा’ किंवा ‘ता’. ‘व्रेइ’ म्हणजे मुक्त, ‘व्रेइहेइट’ स्वातंत्र्य. ‘स्खोन’ म्हणजे सुंदर किंवा स्वच्छ, त्यात दोन ओ. ‘स्खोनहेइट’ सौंदर्य, त्यातही दोन ओ. काहीच चोरीला गेलं नाही, कारण एच स्वतःची मूठ स्वतः सुरू करतो. पण याच ‘स्खोन’ला विशेषणाचा ई लावला की लगेच एक ओ गायब.

या सभ्य-चोर फरकाने अजून एक कोडं सुटतं. घर म्हणजे ‘हाउस’, स्पेलिंगच्या शेवटी एस. घरं म्हणजे ‘हाउझन’, तिथे झेड. छोटं घर ‘हाउस्ये’, परत एस. नवीन शिकणारा म्हणतो, ठरवा काय ते एकदा! पण कारण आहे. डचमध्ये मूठ बंद होताना झ, व, ड असे घुमणारे आवाज टिकत नाहीत, ते स, फ, ट होतात. ‘हाउ, झन’ म्हणताना व्यंजन मुठीच्या सुरुवातीला आलं, घुमलं, झेड. ‘हाउस, ये’ म्हणताना ते मुठीच्या शेवटी राहिलं, एस. पत्राचंही तेच: ‘ब्रीफ’, अनेक ‘ब्रीवन’, छोटं ‘ब्रीफ्ये’. एफ, व्ही, एफ. कुत्र्याच्या बाबतीत लिहिणाऱ्यांनी तडजोड केली: ‘होंट’ बोलतात पण शेवटी डी लिहितात, अनेक कुत्रे मात्र ‘होंडन’, तिथे तो डी खरंच ऐकू येतो. म्हणूनच ‘हेइट’ लिहिताना डी आणि बोलताना ट. त्याचं अनेकवचन ‘हेडन’, तिथे ड जागा होतो.

आता हे सगळं एका शब्दात. नेदरलँड्समध्ये भाड्याने राहणाऱ्या बऱ्याच लोकांकडे एक विमा असतो, आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा. नाव आहे ‘आनस्प्राकलकहेइट्सफरझेकरिंग’. एकोणतीस अक्षरं. घाबरू नका, ‘हेइट’ शोधा. त्याच्या मागे एक एस दिसेल. हा एस म्हणजे टाका. डचमध्ये ‘हेइट’ने संपणारा शब्द दुसऱ्या शब्दाला जोडताना जवळजवळ नेहमी एसचा टाका घालतात, ‘इंग’नंतरही पुष्कळदा. टाका सापडला की शब्द उसवता येतो. डावीकडे ‘आनस्प्राकलकहेइट’, जबाबदार असण्याची अवस्था, म्हणजे दायित्व. उजवीकडे ‘फरझेकरिंग’, विमा. दायित्व विमा. ‘फरब्लेइफ्सफरखुनिंग’मध्येही एस शोधा: राहणं, टाका, परवाना. निवास परवाना.

‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा शब्द आपण सहज बोलतो. अशा लोकांनी डच शब्दांच्या लांबीला नावं ठेवू नयेत.

प्रत्ययाचा दुसरा फायदा, आणि परीक्षा देणाऱ्यांसाठी हा मोठा. डच नामांपुढे ‘द’ किंवा ‘हेट’ लागतं. कुठल्या नामाला कुठलं, हे बऱ्याचदा पाठच करावं लागतं आणि चुकलं की विशेषणाची शेपटीही चुकते. पण प्रत्यय दिसला तर बरंच आपोआप ठरतं. ‘इंग’ आणि ‘हेइट’ला ‘द’. लहानपणाच्या ‘ये’ला कायम ‘हेट’. ‘स्खप’ मात्र दगा देतो: मैत्रीला ‘द’, निसर्गचित्राला ‘हेट’. जोडशब्दात शेवटचा तुकडा सांगेल ते, म्हणजे भाडेवाढ आणि विमा दोन्ही ‘द’. अनेकवचन कुठलंही असो, ‘द’.

मराठीत हेच चालतं की. मोठेपणा मिळाला, मोठेपण मिळालं, सुंदरता दिसली, माणुसकी राहिली, मनुष्यत्व राहिलं. मूळ शब्द कुठलाही असो, लिंग प्रत्यय ठरवतो.

‘हेट मेइस्ये’ म्हणजे मुलगी. नपुंसकलिंगी! इंग्रजीतून डच शिकणारे इथे हसतात, मुलगी नपुंसकलिंगी कशी? अहो, ‘ये’ लागलाय म्हणून. ‘मेइट’ या शब्दाला ‘द’ लागतं, लहान केलं की ‘हेट’. आपल्याला यात हसण्यासारखं काय आहे? वासरू, कोकरू, शिंगरू, पाखरू, लेकरू. जे लहान ते ‘ते’. गावाकडे मुलगी असली तरी ‘ते पोरगं रडतंय’ म्हणतातच. डच आणि मराठी इथे एकाच अंगणात बसल्यात.

पण शब्दाच्या शेवटी जे-ई दिसलं की झालं, असं नाही. ‘फ्रान्ये’ म्हणजे कापडाच्या झालरीचे दोरे, शेवट जे-ई, पण प्रत्यय नाही, म्हणून ‘द’. आणि ‘डिंग’ म्हणजे वस्तू, शेवट आय-एन-जी, पण इंग काढला तर उरतो नुसता डी. क्रियापद उरत नसेल तर तो प्रत्यय नव्हेच. ‘हेट डिंग’.

या ‘ये’ची रूपंही मुठीवरच ठरतात. पुस्तक ‘बूक’, छोटं ‘बूक्ये’. खुर्ची ‘स्टूल’, छोटी ‘स्टूल्त्ये’. झाड ‘बोम’, छोटं ‘बोम्प्ये’, कारण म म्हणून ओठ मिटलेच आहेत, प सोपा पडतो. बॉम्ब मात्र ‘बॉमत्ये’, मधे एक स्वर घुसवून, कारण तिथला ओ ऱ्हस्व. तसंच चंद्र ‘मान्त्ये’ आणि पुरुष ‘मनत्ये’. सुरुवातीची तीच जोडी, तोच फरक. डच लोक हा प्रत्यय कशालाही लावतात. एक बिअर मागतानाही ‘बीरत्ये’, ग्लास कितीही मोठा असो. शुद्धलेखनाच्या अधिकृत यादीच्या जाडजूड ग्रंथाचं लोकांतलं नाव काय, तर ‘ख्रूने बूक्ये’, हिरवं पुस्तुकलं. पहिली आवृत्ती १९५४ची, मग १९९५, २००५, २०१५. ही यादी आता नेदरलँड्स, बेल्जियम आणि सुरीनाम यांची मिळून असलेली भाषासंस्था सांभाळते.

आता माझ्या धंद्याची गोष्ट, म्हणजे हे सगळं फोनच्या अरुंद स्क्रीनवर बसवणं. एकोणतीस अक्षरांचा शब्द बटणावर मावत नाही. तो तोडावा लागतो, आणि कुठे तोडायचा हे यंत्राला कळायला हवं. याचं प्रसिद्ध उत्तर फ्रँकलिन लिआंग यांनी स्टॅनफर्डच्या १९८३च्या पीएचडी प्रबंधात दिलं, डोनल्ड क्नूथ यांच्या टेक या छपाईच्या सॉफ्टवेअरसाठी. कल्पना भारी आहे. अक्षरांचे छोटे तुकडे घ्यायचे आणि अक्षरांच्या मधे आकडे लिहायचे. विषम आकडा म्हणजे इथे तोडा, सम म्हणजे इथे तोडू नका, दोघांचं भांडण झालं तर मोठा आकडा जिंकतो. इंग्रजीसाठी असे जवळपास साडेचार हजार तुकडे पुरले. आजही ब्राउझर आणि फोन अशाच याद्या वापरतात, भाषेगणिक वेगळी यादी. त्यामुळे पानाच्या कोडमध्ये भाषा म्हणून इंग्रजी लिहिलेली असेल आणि मजकूर डच असेल, तर डच शब्द इंग्रजीच्या नियमाने तुटतात. ‘भाषा: डच’ एवढी एक नोंद केली की अर्ध्या तक्रारी मिटतात. हे मी आमच्या टीमच्या चेकलिस्टमध्ये सगळ्यात वर लिहून ठेवलंय.

उरलेल्या अर्ध्यांत मजा आहे. ‘ओमा’ म्हणजे आजी. तिला लाडाने ‘ओमात्ये’. ओमाचा शेवटचा स्वर दीर्घ, पण पुढे टी आला, मूठ बंद दिसेल म्हणून ए दोनदा लिहितात: ओ-एम-ए-ए-टी-जे-ई. आता हा शब्द ओळीच्या शेवटी तोडा. ‘ओमा’ एका ओळीत, ‘त्ये’ खालच्या ओळीत. तोडल्यावर मूठ परत उघडी! मग दुसरा ए कशाला? अधिकृत नियम म्हणतो, काढून टाका. म्हणजे शब्द तोडताना त्यातलं एक अक्षर नाहीसं होतं. ‘कॅफे’चं लहान रूपही तसंच, तोडल्यावर जादा ई जातो आणि डोक्यावरची तिरपी रेघ परत येते. ‘रेयूनी’, म्हणजे जुन्या मित्रांचा मेळावा, त्यात यूवर दोन टिंबं असतात, मागच्या ईपासून तो वेगळा वाचावा म्हणून. नेमका त्यांच्या मधे शब्द तोडला तर टिंबं जातात, कारण आता ओळच त्यांना वेगळं करते.

लिआंगची पद्धत फक्त ‘इथे तोडा’ सांगू शकते, ‘तोडा आणि अक्षर बदला’ सांगू शकत नाही. आपण कोडमध्ये टाकतो तो अदृश्य सॉफ्ट हायफनही नाही. लिब्रेऑफिस जी हायफनेशनची लायब्ररी वापरतं तिच्यात अक्षर बदलण्याची सोय केलेली आहे. आमच्या स्क्रीनवर तसं काही नव्हतं, तेव्हा अशा शब्दांना आम्ही सरळ ‘तोडू नका’ म्हणून बांधून टाकलं. आजीला अख्खी पुढच्या ओळीत पाठवायची.

आणि काही ठिकाणी यंत्राचा इलाजच चालत नाही. ‘बल’ म्हणजे चेंडू, छोटा चेंडू ‘बलत्ये’. ‘बलेट’ म्हणजे बॅले नृत्य, छोटं नृत्य ‘बलेट्ये’. उच्चार वेगळे, जोर वेगळा, पण स्पेलिंग अक्षर न् अक्षर तेच. चेंडू असेल तर टी खालच्या ओळीत जाणार, नृत्य असेल तर टी वरच राहणार. ‘डिप्लोमात्ये’ घ्या: छोटं डिप्लोमा सर्टिफिकेट, की छोटा डिप्लोमॅट? सर्टिफिकेट असेल तर तोडताना एक ए उडवायचा, डिप्लोमॅट असेल तर दोन्ही ठेवायचे. ‘मसाजबेड’चं स्पेलिंगही दोन तऱ्हेने कापलं जातं: मसाजचा पलंग, नाहीतर ‘मासा’ अधिक ‘खबेट’, म्हणजे सामूहिक प्रार्थना. फक्त शब्द बघून यातलं काहीच ठरत नाही. अख्खं वाक्य वाचणारा माणूस लागतो, आणि आमच्याकडे ते काम अ‍ॅमस्टरडॅममध्ये बसलेली आमची टेस्टर करते. तिच्या शेऱ्यांमुळेच मला हे सगळं शिकावं लागलं.

तुमच्याकडे एखादा लांबलचक डच शब्द असेल, पत्रातला, पाटीवरचा, औषधाच्या डबीवरचा, तर पाठवा. आधी स्वतः एसचा टाका शोधून बघा. पुढच्या भागात डचचं क्रियापद वाक्याच्या शेवटी कसं पळतं ते बघू, आणि ते मराठी माणसाला का सोपं जातं तेही.